मान खाली घालून बघितलेली मालिका

बाकीच्या जपानी ॲनिमे मालिकांबद्दल माझं मत एका शब्दात सांगता येईल: ओरडतात. सगळे ओरडतात. हल्ला करायच्या आधी हल्ल्याचं नाव ओरडून सांगतात, म्हणजे समोरच्याला पळायला वेळ मिळावा. मग केस उभे राहतात, डोळ्यांतून ठिणग्या उडतात, आणि ज्याचं थोबाड फोडलं त्याच्याच गळ्यात पुढच्या एपिसोडला हात. जग वाचवायचं, तेही शाळेचा गणवेश घालून. जगाला वाचवायला दुसरं कोणी मोकळंच नसतं.

"तुम्हाला त्यातलं कळत नाही, ताई," कुरियरवाला म्हणायचा. "आणि कळत नाही हेही कळत नाही."

हा कुरियरवाला आमच्याकडे रोज येतो. आम्ही कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते त्याच्या डब्यातून आमच्या लॅबमध्ये येतं, आणि तयार दात घेऊन तो परत जातो. चाळिशी उलटलेला, ढेरपोट्या माणूस, पण डब्यावर मोठ्या डोळ्यांचे योद्धे चिकटवलेत. आत लोकांचे जबडे, बाहेर योद्धे. आम्हाला ॲनिमेचा नाद लावला तो यानेच. काम करताना रेडिओ ऐकून आमचे कान किटले होते, म्हणून एका पेन ड्राइव्हवर ढीगभर मालिका भरून दिल्या. त्यातल्या बहुतेक आम्ही एकेका एपिसोडनंतर हाकलून दिल्या. एक राहिली.

"ती होडीवाली?" तो कपाळावर हात मारून घ्यायचा. "अहो, ती कोणी बघत नाही. माझ्याकडून चुकून आली असेल त्यात. अख्खा एपिसोड म्हातारा एक फळी तासतो!"

"म्हणून तर," मी म्हणायचे.

नदीवरचा एक म्हातारा नावाडी आणि त्याच्याबरोबर एक पोरगी. लोक होडीत बसतात, पलीकडे उतरतात. बस्स. मालिकेचं खरं नाव काय ते आम्हाला कधी वाचता आलं नाही, पडद्यावर सांडलेल्या काडेपेटीसारखी अक्षरं यायची. आम्ही तिला नावाडी म्हणायचो. ती सगळ्यांच्या वर का, ते मी कुरियरवाल्याला शंभरदा सांगितलं असेल. त्या मालिकेत माणसं बोलताना हात थांबवत नाहीत. बाकी ठिकाणी कोणाला काही महत्त्वाचं बोलायचं झालं की कामधंदा बंद, वारा सुटतो, पाकळ्या उडतात, दोघं एकमेकांकडे बघत उभे. कुठल्या जगात होतं असं? मला आयुष्यात कोणी सांगितलेली सगळ्यात मोठी गोष्ट काकूंनी सांगितली, तीही मेणात कवळीची दाढ बसवता बसवता, मान वर न करता: "आजपासून वरच्या खोलीत झोपत जा. तिकडे परत जाऊ नकोस." आणि लगेच, "तो तापलेला चाकू दे इकडे, गार झाला माझा."

तिकडे म्हणजे माझ्या घरी. त्या घराबद्दल मी एवढंच सांगेन की मी तिथून निघाले तेव्हा मला थांबवायला कोणी उंबऱ्यापर्यंतही आलं नाही.

काकू माझ्या कोणी लागत नाहीत. आपल्याकडे वाणसामान देणारीही काकू आणि शेजारीणही काकू, तशा या काकू. लॅब त्यांची. मी प्लास्टर कालवायच्या कामाला लागले होते आणि दात बसवायला शिकून बसले. माझं बोलणं चिमटे काढणारं म्हणून त्या मला चिमटी म्हणायला लागल्या, आणि मग डॉक्टरांचे दवाखानेसुद्धा. फोन करून विचारतात, "चिमटी मॅडम आहेत का?"

तर अशा त्या काकूंचा हात यंदा थरथरायला लागला. आधी चहाच्या कपावर दिसलं, मग मेणावर. मेणात दात बसवताना हात हलला तर माणसाचं हसू वाकडं होतं. एका संध्याकाळी त्यांनी चाकू पुसून माझ्या पुढ्यात ठेवला, "आता लॅब तू बघ," म्हणाल्या आणि स्पिरिटचा दिवा फुंकून टाकला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असतो. आईला घेऊन जातो म्हणाला. कायमची. रविवारी येतो.

मुलगा वाईट असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते, भांडायला मला फार लागत नाही. पण तो चांगला निघाला मेला. फोनवर मला "ताई" म्हणतो, आईच्या गोळ्यांची नावं पाठ आहेत त्याला, आणि "तू आईची फार काळजी घेतलीस" असं म्हणतो. घेतलीस. झालं गेलं, आभार.

काकू त्याला "बरं" म्हणाल्या. कपाटातून साड्या काढायला लागल्या. आणि मी, जिच्या जिभेला हाड नाही अशी ख्याती, माझी दातखीळ बसली. जाऊ नका, एवढे दोन शब्द. पण ते म्हणायला मी कोण? लॅब मिळाली मला, अजून काय पाहिजे? लॅब नको होती मला. लॅबमधली बाई हवी होती.

दातखीळ बसायला अजून एक कारण होतं, आणि ते त्या मालिकेतच होतं.

आम्ही ती बघायचो कशी ते आधी सांगायला हवं. फोन प्लास्टरच्या डब्याला टेकवून ठेवलेला. आम्ही दोघी समोरासमोर, माना खाली, नजर मेणावर. भाषा परकी. खाली इंग्रजी ओळी पळायच्या, पण त्या वाचायला मान वर करावी लागते, आणि मान वर केली की दात हलतो. त्यामुळे चाकू ज्योतीवर तापत धरला की तेवढ्यापुरतं वर बघायचं. माझा चाकू तापत असायचा तेव्हा काकूंचा मेणात असायचा. म्हणजे मला दिसलेला तुकडा त्यांना दिसायचा नाही आणि त्यांचा मला नाही. मग एकमेकींना सांगायचं. "पोरगी रडतेय गं." "का?" "मला काय माहीत, माझं मेण वितळलं." मागे घेऊन परत बघायला काकूंचा सक्त विरोध. "गेलं ते गेलं. आयुष्य मागे घेता येतं का?" अशी आमची गोष्ट. ठिगळांची गोधडी.

त्या गोधडीत काकूंनी पहिल्याच दिवशी एक ठिगळ पक्कं शिवून टाकलं. पोरगी म्हाताऱ्याची नात आहे.

"कशावरून?" मी विचारलं होतं.

"जबडा बघ. खालचा जबडा पुढे आलेला, दोघांचा सारखा. जबडा खोटं बोलत नाही. जन्मभर तेच केलंय मी."

आणि त्यावर त्यांचं सगळं तत्त्वज्ञान उभं राहिलं. पोरगी भांडं फोडायची, होडी भलत्याच काठाला लावायची, म्हातारा एक शब्द बोलायचा नाही. काकू दात बसवत म्हणायच्या, "रक्ताचं आहे म्हणून सोसतोय. परक्याचं एवढं कोण सोसतं? रक्ताचं ते रक्ताचं." मी मान खाली घालून ऐकायचे. त्यांच्या मनात काही नसायचं. माझ्या मनात ते जाऊन बसायचं, दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं. जीभ सारखी तिथेच.

त्या आठवड्यात कुरियरवाला नाचत आला.

"काकू! तुमची ती होडी आपल्या भाषेत आलीये! आवाज दिलेत आपल्या माणसांनी! म्हणजे बघा, कोणीतरी ती बघतंय!"

"तू म्हणालास ना, कोणी बघत नाही?" काकू म्हणाल्या.

"कंपनीचं डोकं फिरलंय, दुसरं काय." त्यानेच काकूंच्या फोनवर लावून दिली, आणि जाता जाता दारात थांबून म्हणाला, "काकू, तुम्ही गेल्यावर मी या चिमटीताईंशी एकट्याने कसं भांडू हो?"

मी त्याच्या हातात डबा कोंबून त्याला वाटेला लावलं.

दुपारी मी पॉलिश संपवून हात धुतले आणि आम्ही दोघी पहिल्यांदाच माना वर करून बसलो. शेजारी शेजारी. हातात काही नाही. काकूंना हात कुठे ठेवावेत ते कळेना, त्यांनी ते मांडीखाली घातले, म्हणजे थरथर दिसू नये.

पहिल्याच एपिसोडात कोंबड्यांचं खुराडं घेऊन एक बाई होडीत बसते. हे आम्ही बघितलेलं होतं. आमच्या गोधडीत ती भाड्यावरून घासाघीस करते. प्रत्यक्षात ती पोरीकडे बोट करून विचारते, "नात का तुमची?"

म्हातारा होडीच्या फटीत डांबर भरत असतो. भरता भरता म्हणतो, "नाही. कामाला आली होती. अजून गेली नाही."

बाई पुढचं बोलायला लागली. काकूंनी माझा दंड धरला.

"मागे घे."

"काय?"

"मागे घे म्हणते ना!"

मी मागे घेतलं. म्हातारा परत तेच म्हणाला.

"खोटं बोलतोय," काकू म्हणाल्या. "घरातलं कशाला सांगेल कोणा कोंबडीवालीला?"

पण तो खोटं बोलत नव्हता. पुढच्या भागात पोरीच्या गावाचं निघालं, तिच्या माणसांचं निघालं. काकू खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

"मग जबडा? जबडा कसा सारखा?"

"काकू, सगळी चित्रं एकाच माणसाने काढलीत. कोंबडीवालीचा जबडा बघा. तिच्या नवऱ्याचा बघा. ती शेळी बघा, शेळी."

काकूंनी शेळी बघितली. शेळीचा खालचा जबडा पुढे आलेला होता. त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला, त्या हसतच राहिल्या. "अख्खं गाव एकाच आज्याचं!" मग हसू ओसरलं. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "म्हणजे एवढी वर्षं मी चुकीचंच बघत होते."

"दोघी बघत होतो."

"तू तर बोलली नाहीस कधी, की काकू, परक्याचंही कोणी सोसतं."

मी चहा टाकायला उठले.

दोन दुपारी आम्ही बघत राहिलो. काम साचलं, दवाखान्यांचे फोन आले, मी "होतंय" म्हणून ठेवून दिले. आमच्या गोधडीतली अर्धी ठिगळं उसवली. ज्याला आम्ही चोर समजत होतो तो पोस्टमन निघाला. पोरगी ज्याच्यासाठी रडायची तो मुलगा नसून बैल होता. पण मालिका छोटी झाली नाही, उलट. शब्द कळायला लागल्यावर दिसलं की ही माणसं बोलतात फारच कमी. ज्या भागात म्हातारा फळी तासतो त्यात मला वाटायचं किती बोलत असतील. चार वाक्यं. बाकी रंध्याचा आवाज. कुरियरवाल्याच्या योद्ध्यांना यातलं एक मिनिट दिलं तर ते गुदमरून मरतील.

शुक्रवारी शेवटचा भाग लावला. आमच्या हिशेबाने यात पोरगी शहरात जाते. काकूंना गाठोडं दिसलेलं, मला काठावर उभ्या पोरीची पाठ. म्हणजे ती जाते, म्हातारा राहतो, असं आम्ही जुळवलेलं.

गाठोडं म्हाताऱ्याचं होतं.

त्याला दिसेनासं झालेलं असतं. बहिणीने बोलावलंय, तिच्याकडे जायचंय. पोरगी काठावर दोर गुंडाळत असते. म्हातारा एक सदरा घडी करतो, उलगडतो, परत घडी करतो. पोरगी गुंडाळलेला दोर सोडते, परत गुंडाळायला घेते. दोघंही बोलत नाहीत. मिनिटं चालली होती.

"बोल ना, मेले," काकू फोनला म्हणाल्या.

सदरा परत उलगडला.

"अगं तो घडी मोडतोय, दिसत नाही का तुला? थांबा म्हण! एक शब्द म्हण, तो थांबेल! मठ्ठ कुठली."

"कोणत्या नात्याने म्हणेल?" मी म्हटलं.

हे मी फोनमधल्या पोरीबद्दल म्हणत नव्हते. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

काकूंना फोनवर चित्र थांबवता येत नाही. त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला. आतून दोर ओढल्याचा आवाज येत राहिला.

"तू म्हणालीस मला?" त्या म्हणाल्या. "एकदा तरी? काकू, जाऊ नका?"

"मी कोण म्हणणारी?"

"अस्सं. माझ्या भाजीतलं मीठ कमी करताना तू कोण ते आठवत नाही. माझ्या मुलाला फोनवर 'आत्ता झोपल्यात, नंतर करा' असं दरडावताना नाही आठवत. मी थुंकलेलं औषध परत पाजताना नाही आठवत. आणि आता एकदम परकी झालीस?"

"तुम्हीच म्हणायचात. रक्ताचं ते रक्ताचं."

"म्हणायचे! शेळीचा जबडा बघून म्हणायचे!" काकूंचा हात मांडीखालून सुटला होता आणि टेबलावर तडतडत होता. त्यांना पत्ता नव्हता. "ते तू मनाला लावून घेतलंस होय? एवढी वर्षं?"

"मग तुम्ही का नाही म्हणालात, की मला इथेच राहायचंय?"

त्या हळू म्हणाल्या, "तुझ्या गळ्यात पडू? हा हात आज कप सांडतोय. उद्या मला न्हाऊ घालावं लागेल, परवा धुवावं लागेल. असलं काम आपल्या तोंडाने मागतं का कोणी? मुलाला हक्काने सांगता येतं. तुला कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, तिला हवी असेन तर ती म्हणेल. तिला काय बोलायला कमी पडतं? कुरियरवाल्याची सालटी काढते रोज." त्यांनी नाक पुसलं. "नाही म्हणालीस. म्हटलं, बरोबर आहे तिचं. सुटली बिचारी."

मला राग आला. त्यांचा, माझा, त्या काठावरच्या पोरीचा. राग आला की मला सरळ बोलता येत नाही, नेहमीच वाकडं बोलता येतं.

"जायचं तर जा," मी म्हटलं. "पण दात थोडे वाकडे कसे बसवायचे ते मला नीट जमत नाही. माझे सरळ बसतात. सरळ दात खोटे दिसतात, तुम्हीच म्हणता. सगळं गाव खोटं हसेल, मग बसा."

"हे थांबा म्हणणं झालं का?"

"नाही."

"मग म्हण."

"काकू."

"हं."

"जाऊ नका."

एवढंच. बाहेर वारा सुटला नाही, पाकळ्या उडाल्या नाहीत. माझं नाक गळायला लागलं आणि जवळ होतं ते पॉलिशचं फडकं मी तोंडाला लावलं, पांढरी भुकटी नाकात गेली, शिंका सुरू झाल्या. काकू म्हणाल्या, "घाणेरडी," आणि आपला पदर पुढे केला.

मग त्यांनी लगेच मुलाला फोन लावायला सांगितला. लगेच म्हणजे लगेच. "आत्ता नाही बोलले तर साड्या भरून तयार राहीन मी, माझा मला भरवसा नाही." स्पीकर लावला.

"बाळा, रविवारी मी येत नाही."

बाळाला टक्कल पडलंय.

"आई, मी खोली रंगवून घेतलीये तुझ्यासाठी."

काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. त्या रंगवलेल्या खोलीपुढे माझी काय पत्रास?

"कुठला रंग?" काकूंनी विचारलं.

"फिकट पिवळा. तुला आवडतो तो."

"मग येईन की. चार दिवस राहीन, तुझ्या हातचं खाईन. पण इथे परत यायच्या बोलीवर येईन. कळलं?"

"आणि तिथे तुला काही झालं तर?"

"चिमटी आहे."

"आई, ती ठीक आहे गं. पण ती आपली कोण..." वाक्य त्याने अर्धं सोडलं.

काकूंनी फोन उचलला, थरथरत्या हाताने माझ्यासमोर धरला. "तिलाच विचार."

"ताई," तो म्हणाला, "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच म्हणायचं होतं. विचारा."

मागे कुठेतरी त्याच्या घरातला पंखा घरघरत होता. मी तयारीत होते. माझ्या जिभेवर अशी अशी वाक्यं आली होती की तो जन्मभर विसरला नसता.

"मागच्या दाराच्या पायऱ्यांना कठडा नाहीये ना?" त्याने विचारलं.

माझी सगळी वाक्यं जागच्या जागी मेली.

"नाही."

"ती पहाटे तिथूनच उतरते. लहानपणापासून बघतोय, सांगून ऐकत नाही."

"माहितीय. मी उठते तेव्हा. हात धरते."

"रोज?"

"मग काय वारानुसार?"

तो हसला, पण नाक चोंदलं होतं त्याचं. "तू झोपून राहिलीस एखाद्या दिवशी तर? कठडा पाहिजे. रविवारी येतो मी. न्यायला नाही. कठडा बसवायला. ड्रिल आहे का तुमच्याकडे?"

"दातांचं आहे."

"नको. माझं आणतो."

काकू इतका वेळ फोनकडे बघत होत्या, आता खुर्चीत मागे टेकल्या आणि त्याला ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आधी येऊन माप घे, मग लोखंड कापायला दे. माप घेतल्याशिवाय काही बसवत नाहीत आपल्याकडे."